‘शक्यतो टाळावे’ हे उत्तर पुरेसे नाही

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या वृत्तपत्राच्या घरविषयक पुरवणीत मुंबईच्या पूर्व उपनगरातील एका वाचकाने असा प्रश्न विचारला होता, की एसआरएच्या, म्हणजे झोपडपट्टी पुनर्वसन योजनेतल्या, इमारतीला लागून असलेल्या रस्त्यावर दोन खोल्यांचे घर परवडणाऱ्या भावात मिळत आहे, तर ते घ्यावे किंवा कसे. त्यावर आपल्या सल्लागारांनी ‘शक्यतो टाळावे, पुनर्विक्रीला अडचण येते’ असे एका ओळीत उत्तर दिले आणि पुढच्या प्रश्नाकडे वळले. या एका ओळीने माझे समाधान झाले नाही, म्हणून हे पत्र. गेल्या दीड वर्षात माझ्या मुलासाठी आणि सुनेसाठी घर शोधताना आम्ही नेमक्या याच प्रश्नाशी झटापट केली आहे आणि त्यात माझे स्वतःचे काही गैरसमजही उघडे पडले आहेत.

आधी मी कोण हे सांगते, कारण या विषयात बोलणारा कुठल्या खिडकीतून पाहतो आहे याला महत्त्व आहे. माझे बालपण विक्रोळीच्या कन्नमवार नगरात गेले. वडील कारखान्यात फिटर होते आणि गृहनिर्माण मंडळाच्या चार मजली चाळवजा इमारतीत आमचे दीड खोलीचे घर होते. आज सगळे ज्याला सरसकट ‘म्हाडा’ म्हणतात ते राज्याचे गृहनिर्माण प्राधिकरण १९७७ च्या डिसेंबरात अस्तित्वात आले. त्याआधी १९४८ पासून मुंबई गृहनिर्माण मंडळ होते, आणि केंद्राच्या १९५२ च्या औद्योगिक कामगार गृहनिर्माण योजनेखाली गिरणी-कारखान्यांतील कामगारांसाठी अशा कितीतरी वसाहती उभ्या राहिल्या. आमच्या नगराला ज्यांचे नाव मिळाले ते मारोतराव कन्नमवार १९६२-६३ या एका वर्षापुरते राज्याचे मुख्यमंत्री होते. सरकारी भाड्याच्या त्या घरांतून शिक्षक, बँकेतले कारकून, परिचारिका, एसटीचे आणि बेस्टचे कर्मचारी निघाले. दारुडे आणि भांडखोरही निघाले, ते कुठल्या वस्तीतून निघत नाहीत?

एवढे असूनही, मुलाने पहिले घर दाखवायला नेले तेव्हा मी गच्चीवरून शेजारची एसआरएची इमारत पाहिली आणि मनात पहिला विचार आला तो ‘नको रे बाबा’ हाच. खिडक्यांच्या जाळ्यांतून बाहेर लोंबणारे कपडे, पाण्याचे निळे पिंप, भिंतीवरून ओघळलेला शेवाळाचा काळा पट्टा. ज्या घरात मी वाढले त्याच्या खिडकीला याहून वेगळे काय होते, हा प्रश्न मला घरी आल्यावर पडला.

त्या दिवशी एजंट मला मोठ्या विश्वासाने म्हणाला होता, ‘काकू, त्यांचे गेट वेगळे, आपले वेगळे. मध्ये दहा फुटांची भिंत आहे. त्यांचा तुमचा काही संबंधच येणार नाही.’ हे वाक्य त्याने विक्रीचा मुद्दा म्हणून उच्चारले होते. पुढे दुसऱ्या एका घराच्या वेळी दुसऱ्या एजंटने भाव कमी असण्याचे कारण सांगितले ते असे: ‘मागे म्हाडाचा पट्टा आहे ना, म्हणून.’ तो पट्टा म्हणजे मी जिथे लहानाची मोठी झाले त्यासारखीच वसाहत. माझ्या मुलाने माझ्याकडे पाहून हसू दाबले.

आता मूळ मुद्द्याकडे येते. आपल्या सल्लागारांच्या उत्तरात ‘एसआरए’, ‘म्हाडा’, ‘संक्रमण शिबिर’ (पुनर्बांधणी होईपर्यंत राहायची तात्पुरती घरे) आणि ‘प्रकल्पग्रस्तांची वसाहत’ हे सगळे एकाच पोत्यात भरलेले दिसते. प्रत्यक्षात यांतील प्रत्येकाचा शेजार वेगळा असतो आणि तो का वेगळा असतो हे समजल्याशिवाय घर घेण्या-न घेण्याचा निर्णय करणे म्हणजे अंधारात उडी आहे. म्हाडाची जुनी वसाहत ही दोन-तीन पिढ्या एकाच ठिकाणी मुरलेल्या लोकांची असते. तिथे सार्वजनिक मंडळ असते, महिला मंडळ असते, कोणाचा मुलगा कुठे नोकरीला लागला हे चौथ्या इमारतीत माहीत असते. म्हाडाच्या सोडतीत घर मिळालेल्यांची नवी इमारत असेल, तर तिथे राहणारे लोक तुमच्या-आमच्यासारखेच पगारदार असतात. मुंबई महानगर प्रदेशात वर्षाला नऊ लाखांपर्यंत कमावणारे कुटुंब अल्प उत्पन्न गटात मोडते. माझ्या मुलानेच तीनदा अर्ज भरला होता आणि तिन्ही वेळा अनामत परत आली.

एसआरए इमारतीत राहणारे लोक बहुतेक वेळा त्याच जागेवर, त्याच गल्लीत आधी झोपडीत राहत होते. १९९५ च्या अखेरीस झोपडपट्टी पुनर्वसन प्राधिकरण स्थापन झाले आणि पात्र झोपडीधारकाला मोफत घर मिळू लागले. सुरुवातीला २२५ चौरस फुटांचे, नंतर २६९, आणि आता ३०० चौरस फुटांचे. हे घर मोफत कसे परवडते? कारण मुंबईच्या विकास नियंत्रण नियमावलीतील ३३(१०) या तरतुदीखाली विकासकाला त्याच भूखंडावर विक्रीसाठी आणखी बांधकाम करायला मिळते, आणि त्या विक्रीच्या पैशातून पुनर्वसनाचा खर्च निघतो. म्हणजे आम्ही पाहिलेले ते ‘सेल बिल्डिंग’मधले, म्हणजे विक्रीच्या इमारतीतले, घर, त्यातला पोहण्याचा तलाव आणि व्यायामशाळा, हे सारे ज्या जमिनीवर उभे होते ती जमीन भिंतीपलीकडच्या कुटुंबांनी झोपड्या मोडून मोकळी केली होती. तेव्हा ‘आपल्या टॉवरला एसआरए चिकटली आहे’ ही तक्रार मला उलटी वाटते. आधी ते होते, मग टॉवर आला, आणि तोही त्यांच्या संमतीच्या सह्यांवर.

प्रकल्पग्रस्तांच्या वसाहतींची गोष्ट याहून निराळी आहे. रेल्वेरुळांच्या, नाल्यांच्या, जलवाहिन्यांच्या कडेची माणसे उचलून शहराच्या दुसऱ्या टोकाला नेऊन ठेवली गेली. मानखुर्दचे लल्लूभाई कंपाउंड, गोवंडीचे नटवर पारेख कंपाउंड ही नावे वाचकांना ठाऊक असतील. तिथे काही इमारतींमध्ये जेमतेम तीन मीटरचे अंतर आहे. खालच्या मजल्यांवर ऊन पोहोचत नाही, आणि ऊन-वारा न मिळणाऱ्या त्या खालच्या घरांमध्ये क्षयरोगाचे रुग्ण अधिक आढळल्याचे डॉक्टरांच्या पाहणीतून पुढे आले आहे. माहुलमध्ये तेलशुद्धीकरण कारखान्यांच्या शेजारी, तानसा जलवाहिनीलगतच्या झोपड्यांतून आणलेल्या कुटुंबांना ठेवले, तेव्हा हवा इतकी वाईट होती, की प्रकरण राष्ट्रीय हरित लवादाकडे आणि उच्च न्यायालयात गेले आणि २०१९ मध्ये न्यायालयाने त्या कुटुंबांना पर्यायी जागेसाठी दरमहा १५,००० रुपये भाडे देण्यास सांगितले. अशा ठिकाणी शेजारी घर घेणाऱ्याने विचार करावा तो तिथल्या हवेचा. माहुलच्या माणसांना जी हवा बाधली, ती कुंपणाच्या पलीकडे विकत घर घेणाऱ्याला बाधणार नाही, असे कोणताही एजंट सांगू शकत नाही.

मी एसआरए इमारतींची वकिली करायला निघालेली नाही. त्रास खरे असतात, आणि ते लपवणे हेही टाळावे म्हणण्याइतकेच आळशीपणाचे आहे. ते कळावेत म्हणून एका मंगळवारी संध्याकाळी मी एकटीच भिंतीपलीकडच्या त्या पुनर्वसन इमारतीत गेले. कोणी अडवले नाही, कारण अडवायला पहारेकरीच नव्हता. दोन लिफ्टपैकी एकीच्या दारात प्लास्टिकची खुर्ची आडवी ठेवून तिच्यावर कोणीतरी जुना कॅलेंडरचा कागद उलटा चिकटवून ‘बंद’ असे लिहिले होते. अक्षरे पावसात फिकट होऊन निळसर झाली होती, यावरून ती किती दिवस बंद असावी याचा अंदाज आला. दुसऱ्या लिफ्टसाठी चौदा माणसे उभी होती. मी मोजली. गॅस सिलिंडर आणणारा मुलगा तीन मिनिटे थांबला, मग त्याने सिलिंडर खांद्यावर घेतला आणि जिन्याने चढू लागला. सातव्या मजल्यावर मला भेटलेल्या एका बाई म्हणाल्या, ‘मजल्यामागे दहा रुपये जास्त घेतो तो, पण घेऊ दे. त्याचीबी पाठच आहे ना.’ लांबलचक मार्गिकेत दोन्ही बाजूंना घरे, मध्ये दिवसाही दिवा, आणि अर्धे दिवे गेलेले. बालवाडीच्या दारावर पाटी होती आणि कुलूपही होते. जाळीतून आत पाहिले तर मंडपाचे बांबू, एक मोठा ढोल आणि थर्माकोलची कमान दिसली. नियमानुसार अशा इमारतीत बालवाडी आणि कल्याण केंद्र हवे. केंद्र कुठे आहे असे विचारल्यावर त्या बाईंनी हसून वर पाहिले.

ही अशी दशा का होते? लोकांना ‘राहायची पद्धत नाही’ म्हणून, असे आमच्या परिचयातले बहुतेक सुशिक्षित लोक सांगतात. मी हिशेब करून पाहिला. पुनर्वसन इमारतीच्या देखभालीसाठी विकासकाने प्रत्येक घरामागे प्राधिकरणाकडे ठेवायची ठेव बरीच वर्षे २०,००० रुपये होती आणि नंतर ती ४०,००० करण्यात आली. वर्षाला सात टक्के व्याज धरले, तर ४०,००० वर २,८०० रुपये होतात. म्हणजे महिन्याला घरामागे सव्वादोनशेच्या आसपास. वीस-बावीस मजल्यांच्या इमारतीच्या लिफ्ट, पंप, जिन्यांतील दिवे, झाडलोट आणि अग्निशमन यंत्रणा यांचा खर्च यातून कसा भागावा? झोपडीत जे कुटुंब देखभालीचा एक रुपया देत नव्हते, त्याला एका रात्रीत लिफ्टच्या वार्षिक देखभाल कराराचा बोजा उचलावा लागतो; ज्यांना तो झेपत नाही ते थकतात, ज्यांना झेपतो तेही ‘तो देत नाही, तर मी का देऊ’ म्हणून थांबतात. आमच्या सध्याच्या सोसायटीत, जिथे सगळे नोकरदार आहेत, तिथेही थकबाकीदारांची यादी सूचनाफलकावर लावल्याशिवाय पैसे येत नाहीत.

गर्दीचेही तसेच. या योजनांमध्ये हेक्टरी किमान ५०० घरे बसवावीत असा नियम होता आणि पुढे तो आकडा ६५० वर नेला गेला. वाहनतळाचा नियम पाहिला, तर ४५ चौरस मीटरपर्यंतच्या चार घरांमागे एक गाडीची जागा. पण त्या चार घरांत आज किमान तीन दुचाकी असतात, कारण घरपोच जेवण आणि सामान पोहोचवणाऱ्या मुलांची अख्खी फौज याच इमारतींमधून निघते. तुम्ही रात्री अकराला मागवलेली बिर्याणी ज्या गाडीवरून येते, ती गाडी तुमच्याच रस्त्यावर आडवी लावलेली असते आणि तिचाच तुम्हाला राग येतो. मात्र गाड्यांच्या गर्दीकडे आगीच्या दृष्टीने काळजीपूर्वक पाहायला हवे. २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये गोरेगावच्या आझादनगरात एका पाच मजली पुनर्वसन इमारतीला पहाटे आग लागून अनेकांचा जीव गेला; ती आग तळमजल्यावर, वाहनांच्या आणि साठवलेल्या सामानाच्या जागी भडकली आणि धूर जिन्यातून वर चढला. तेव्हापासून मी कोणतीही इमारत पाहायला गेले, की आधी जिन्याखाली काय ठेवले आहे ते पाहते. विक्रीच्या दोन चकचकीत इमारतींतही मला तिथे जुने सोफे आणि रंगाचे डबे सापडले, हे इथे नोंदवून ठेवते.

आपले सल्लागार म्हणतात तसे पुनर्विक्रीच्या वेळी भाव कमी मिळतो का? मिळतो, आम्हालाही तसाच अनुभव आला. पण मग खरेदी करतानाही तो कमीच द्यावा लागतो, हे वाक्य त्यांनी का लिहिले नाही? ज्याला दहा-पंधरा वर्षे राहायचे आहे त्याच्या दृष्टीने भावापेक्षा महत्त्वाच्या दोन-तीन गोष्टी असतात, आणि त्या रविवारी दुपारी बारा वाजता, म्हणजे एजंट ज्या वेळेला हमखास घर दाखवतो त्या वेळेला, दिसत नाहीत. आम्ही दुसऱ्या घराच्या रस्त्यावर सकाळी सातला गेलो, तेव्हा महापालिकेचे पाणी किती वाजता येते आणि किती वेळ येते हे दूधवाल्याकडून कळले. शाळेच्या वेळी गेलो, तेव्हा रिक्षा त्या गल्लीत शिरायला नाही म्हणतात हे कळले. कारण विचारल्यावर रिक्षावाला म्हणाला, ‘रस्ता खोदलाय, परत निघायला अर्धा तास जातो.’ वस्ती वाईट आहे म्हणून तो येत नाही, अशी आमची समजूत आमची आम्हीच करून घेतली होती. जुलैत एकदा मुद्दाम मुसळधार पावसात गेलो. नाला कुठे तुंबतो ते दिसले. गणपतीत, दहीहंडीला आणि एका राजकीय पुढाऱ्याच्या वाढदिवसाला त्या चौकात स्पीकरची भिंत उभी राहते का, हे इस्त्रीवाल्याला विचारले. त्याने तिन्हीची तपशीलवार माहिती दिली आणि वर पोलीस कितीला येऊन बंद करतात तेही सांगितले. इस्त्रीवाला, दूधवाला आणि शाळेच्या बसवरची ताई, या तिघांनी मिळून आम्हाला जेवढे सांगितले तेवढे कोणत्याही संकेतस्थळाने सांगितले नाही.

माझ्या सुनेची काळजी वेगळी होती आणि ती मला गंभीर वाटते. ती रात्री साडेनऊ-दहाला स्थानकावरून परतते. तिचा प्रश्न सरळ होता: या रस्त्यावरून मी एकटी चालत येऊ शकेन का? म्हणून आम्ही दोघी एका शुक्रवारी रात्री पावणेदहाला तो रस्ता चालून पाहिला. म्हाडाच्या इमारतींच्या बाजूला ओट्यांवर बायका बसल्या होत्या, एक आजोबा खुर्ची टाकून रेडिओ ऐकत होते, वडापावची गाडी आवरत होती, पोरे कॅरम खेळत होती. एकाने तिच्याकडे टक लावून पाहिले हेही खरे, आणि तिला ते आवडले नाही. त्याच ओट्यावरच्या बाईने त्याला नावाने हाक मारून घरी पिटाळले. पुढे दोन्ही बाजूंना नव्या गृहसंकुलांच्या उंच भिंती सुरू झाल्या. तिथे दिवे भरपूर होते, झाडे लावलेली होती, पदपथावर फरशी होती, आणि माणूस एकही नव्हता. सुनेने माझा हात धरला तो त्या भिंतीच्या रस्त्यावर. तिच्या मते ती लांबी फार तर दोनशे मीटर असेल, मला ती जास्त वाटली.

हा अनुभव सर्वत्र असाच येईल असे मी म्हणणार नाही. एका ठिकाणी, वीज उपकेंद्राच्या मागे, आम्हाला दारूचा उघड अड्डा दिसला आणि ते घर आम्ही दुसऱ्याच दिवशी यादीतून काढले. जवळच्या पोलीस चौकीत जाऊन रात्रीच्या गस्तीबद्दल विचारले, तेव्हा तिथल्या हवालदारांनी अतिशय मोकळेपणाने सांगितले, की सोनसाखळी आणि मोबाइल चोरीच्या तक्रारी बहुतेक स्थानकाच्या पुलावरच्या असतात. वस्तीच्या अंगाने विचारलेल्या प्रश्नाला हे स्थानकाच्या अंगाने आलेले उत्तर आम्ही नोंदवून घेतले.

इथे एक अप्रिय गोष्टही लिहायला हवी. ‘वस्ती कशी आहे?’ असे आपण विचारतो तेव्हा अनेकदा मनात ‘तिथे कोण राहतात?’ हा प्रश्न असतो, आणि त्या ‘कोण’मध्ये जात, धर्म आणि कुठल्या प्रांतातून आले हे सगळे येते. दोन एजंटांनी आम्हाला न विचारता ही माहिती पुरवली. एकाने आवाज खाली आणून ‘आपलेच लोक आहेत सगळे’ असे सांगितले. मराठीत बोलत असल्यामुळे त्याला आम्ही आपले वाटलो असणार. या माहितीचा पाण्याशी, लिफ्टशी, नाल्याशी काहीही संबंध नव्हता, पण ती ऐकताना माझ्या चेहऱ्यावरची रेषाही हलली नाही, याची मला नंतर लाज वाटली.

आता कागदपत्रांविषयी, कारण चालून जे कळत नाही ते कागदात असते. २०१७ च्या मे महिन्यापासून महारेरा, म्हणजे राज्याचे स्थावर संपदा नियामक प्राधिकरण, सुरू झाल्यावर विकासकाने मंजूर आराखडा, दावे आणि मुदतवाढ जाहीर करणे बंधनकारक झाले, आणि आता जाहिरातीवरच क्यूआर कोड छापावा लागतो. हे बहुतेक खरेदीदार पाहतात. ते फक्त आपल्या इमारतीचे पाहतात, ही गफलत आहे. शेजारच्या मोकळ्या भूखंडावर २०३४ च्या विकास आराखड्यात काय आरक्षण आहे, त्यावर झोपडपट्टी पुनर्वसन योजनेचे आशयपत्र (प्राथमिक मंजुरीचे पत्र) निघाले आहे का, नियमावलीतील ३३(११) या तरतुदीखाली तिथे संक्रमण सदनिकांची इमारत येणार आहे का, तुमच्या आराखड्यात दाखवलेले मैदान विक्रीच्या आणि पुनर्वसनाच्या अशा दोन्ही इमारतींसाठी सामायिक आहे का, हेही पाहावे लागते. विक्रीच्या घरांची माहितीपुस्तिका छापताना ज्या हिरव्या तुकड्याला ‘खासगी उद्यान’ म्हटले जाते, तो मंजूर नकाशावर भिंतीपलीकडच्या मुलांचाही असू शकतो. आम्ही पाहिलेल्या पहिल्या घराचे तेच होते. भिंत नकाशावर कुठेच नव्हती. ती नंतर बांधलेली होती.

त्या पहिल्या घराला आम्ही नकार दिला, तो शेजारच्या इमारतीमुळे नव्हे. पुनर्वसनाचा दुसरा टप्पा अपूर्ण होता आणि सत्तरेक कुटुंबांना विकासकाकडून तात्पुरत्या घराचे कित्येक महिन्यांचे भाडे मिळालेले नव्हते. ज्यांनी जमीन मोकळी केली ते भाड्याच्या खोलीत आणि आम्ही सोळाव्या मजल्यावर, या व्यवस्थेत राहायला माझ्या मुलाचे मन होईना. त्यात कायदेशीर धोकाही होता, कारण पुनर्वसन रखडले की विक्रीच्या इमारतीचे भोगवटा प्रमाणपत्रही, म्हणजे राहायला जाण्याची परवानगी, लांबते. त्याने नेमका कोणता विचार करून नकार दिला ते मी विचारले नाही.

दुसरे घर घेतले, ते म्हाडाच्या जुन्या वसाहतीच्या कडेवर. त्याची किंमतही आम्हाला ठाऊक आहे. समोरच्या चार मजली इमारती आज ना उद्या त्याच नियमावलीतील ३३(५) या तरतुदीखाली पुनर्विकासाला जातील, वीस-बावीस मजले चढतील, पाच-सहा वर्षे धूळ आणि खड्खडाट राहील आणि आमच्या स्वयंपाकघरात सकाळी येणारे ऊन जाईल. ते ऊन गृहीत धरून आम्ही पैसे मोजलेले नाहीत. विक्रोळीचा पूर्व-पश्चिम उड्डाणपूल २०२५ च्या जूनमध्ये सुरू झाल्यापासून या भागातल्या एजंटांच्या बोलण्यातून ‘म्हाडाचा पट्टा’ हा शब्द जवळपास गेला आहे. आता तेच लोक ‘मोक्याची जागा’ म्हणतात.

माझी आपल्याला विनंती एवढीच, की ज्या वाचकाने तो प्रश्न विचारला होता त्याला पुरवणीतून पुन्हा उत्तर द्यावे आणि त्यात आधी त्यालाच चार प्रश्न विचारावेत: शेजारची इमारत नेमक्या कोणत्या योजनेतली आहे, तिचे पुनर्वसन पूर्ण झाले आहे का, तिच्या लिफ्ट चालू आहेत का, आणि मोकळ्या जागेचा मंजूर नकाशा त्याने पाहिला आहे का. लिफ्टचा प्रश्न क्षुल्लक वाटेल. परंतु त्या मंगळवारी माझ्यासोबत रांगेत उभ्या असलेल्या चौदा जणांमध्ये डायलिसिस करून परतलेले एक गृहस्थ होते, आणि त्यांचे घर अकराव्या मजल्यावर होते.

आपली नम्र,
एक निवृत्त शिक्षिका,
विक्रोळी (पूर्व), मुंबई